काळ्या रानात डिटेक्टरची कॉइल: खोलायची की नवी बांधायची?

तापीकाठ:
राम राम मंडळी. चोपडा-यावल पट्ट्यातली भारी काळी जमीन आहे, कापूस उपटून झालाय, रान नांगरून पडलंय. मेटल डिटेक्टर व्हीएलएफ (कमी वारंवारतेची सलग लहर सोडणाऱ्या) जातीचा, ११ इंची डीडी कॉइल. काम साधंच: रोटाव्हेटरची तुटलेली पाती, वखराचे बोल्ट, मातीखाली गेलेलं जुन्या बोअरचं लोखंडी केसिंग. तक्रार अशी की कॉइल जमिनीला टेकली की बीप, ढेकळावर आपटली की बीप, हवेत धरली तर कधी गप्प, कधी नाही. "कॉइल काप आणि आत नवीन रेझिन भर" असा सल्ला मिळतोय. भरावं का? आणि नवी बांधायचीच झाली तर वायर कोणती, वेढे किती?

वाइंडर_धुळे:
कापू नका भाऊ. डीडी कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या एकमेकींवर थोड्या चढवून बसवलेल्या असतात. पाठवणारीचं चुंबकीय क्षेत्र घेणारीत जेवढं आत शिरतं तेवढंच उलट बाजूने येतं, म्हणून घेणारीत जवळपास शून्य व्होल्टेज राहतं. हे जुळलेलं अंतर अर्धा मिलिमीटर हललं तरी डबीतल्या (दांडीवरच्या सर्किटच्या पेटीतल्या) अॅम्प्लिफायरला सतत सिग्नल दिसू लागतो. करवत लावली की ते गेलं. आधी बाहेरून तपासा, याच क्रमाने:

पहिलं, कव्हर काढा. कॉइल आणि खालचं प्लास्टिकचं कव्हर यांच्या मधल्या फटीत काळी माती जाऊन बसते, दव पडलं की तिचा लगदा होतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दुसरं, कॉइल लाकडी खाटेवर ठेवा, दोन मीटरच्या आत लोखंड नको. तिला हात न लावता केबल हलवा: आधी कॉइलच्या तोंडाजवळ, मग प्लगजवळ. बीप आली तर दोष केबलमध्ये.

तिसरं, बोटाच्या मागच्या बाजूने कॉइलवर टिचकी मारत गोल फिरा. एकाच जागी बीप येत असेल तर तिथे वेढे सुटलेत किंवा रेझिन पोकळ आहे. सगळीकडे येत असेल तर सेन्सिटिव्हिटी जास्त आहे.

चौथं, मल्टिमीटर २०० ओहमवर लावून दोन्ही गुंडाळ्यांचा रेझिस्टन्स घ्या. आधी मीटरच्या पिना एकमेकींना लावून येणारा आकडा (साधारण ०.३ ओहम) वजा करा. मोजताना केबल वाकवा. आकडा नाचला तर तार तुटायला आलीय. कॉइल चांगली असतानाच हे आकडे डबीच्या आत स्टिकरवर लिहून ठेवावेत, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणि एक. आपल्या वाइंडिंगवाल्यांना हात शिवशिवतात, म्हणून सांगतो: मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावू नका. ५०० व्होल्ट आतल्या कपॅसिटरला आणि डबी जोडलेली असेल तर डबीलाही घेऊन जातील.

केळीपट्टा_रावेर:
तुमनं बराबर शे भो, पण जमिनीचंही बघा. पॉलिथिनच्या पिशवीत स्पीकरचा जुना चुंबक घाला आणि कोरड्या काळ्या मातीतून हातभर ओढा. पिशवीला काळी बारीक मिशी फुटते. ते मॅग्नेटाइट. आपली काळी माती बेसॉल्टची झीज, त्यातलं लोहखनिज मातीसोबत येतंच. नदीकाठच्या वाळूत तर ते थरांनी साचतं. कव्हरमधल्या फटीत नेमकी हीच पूड उरते आणि कॉइल हलली की तीही हलते. म्हणून कव्हर नुसतं झटकून चालत नाही, धुवावं लागतं. सुकल्यावर फटीवर इलेक्ट्रिकची पीव्हीसी टेप एक फेरा.

उन्हाळ्यात भेगा पडतात त्याचाही हिशेब ठेवा. आजूबाजूच्या खनिजमातीचा सिग्नल शून्य करून (यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात) लावलेली कॉइल भेगेवरून गेली की तिथे माती नसते, आणि डिटेक्टरला ते काहीतरी "सापडल्यासारखं" वाटतं. गुराच्या खुराचा खोल खड्डाही तसाच फसवतो. दुसऱ्या दिशेने आडवं फिरवून बघा. बीप भेगेच्या रेषेने सरकत गेली तर ती भेग. पाटाच्या बांधावर पडलेले काळे दगड आणि जुन्या वीटभट्टीची जळकी माती, हे दोन वेगळेच त्रास. भाजलेल्या मातीचे चुंबकीय गुण बदलतात, तिथे ग्राउंड बॅलन्स पुन्हा करावाच लागतो.

पल्सवेडा_जळगाव:
हवेतही कधी कधी बीप येते म्हणताय. ती ठेक्यात येते का ऐका. दर सेकंदाला एक "टक्" असेल तर जवळ रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन चालू आहे. ते तारेत साधारण सेकंदाला एक पल्स सोडतं आणि कॉइल म्हणजे शेवटी अँटेनाच. सलग गुरगुर असेल तर सोलर पंपाचा कंट्रोलर किंवा डोक्यावरची लाइन. कॉइल उभी धरून स्वतःभोवती फिरा. आवाज एका दिशेला वाढून काटकोनात पडला तर तो बाहेरून येतोय, कॉइल निर्दोष.

तापीकाठ:
कव्हर धुतलं, जमिनीवरची बीप बरीच कमी झाली. टिचकीला काही नाही. केबल मात्र कॉइलच्या तोंडाजवळ हलवली की दर वेळी बीप. तिथे उघडावं लागेल ना?

वाइंडर_धुळे:
कॉइल नाही, फक्त केबलचं तोंड. तुटण्याची जागा जवळजवळ नेहमी रबरी बुशापासून पहिल्या पाचेक सेंटिमीटरमध्ये असते, कारण दांडी उघड-मिट करताना वाकतं ते तिथेच. बुशाबाहेर चारेक सेंटिमीटरवर केबल कापा, कॉइलकडचा तुकडा सोलून प्रत्येक तार मोजा. तुकड्यात आकडा स्थिर असेल तर तिथेच सांधा: प्रत्येक तार वेगळी, सांधे एकमेकांपासून १ सेंटिमीटर पुढे-मागे, प्रत्येकावर हीट श्रिंक. तारांभोवतीची जाळी मोकळी सोडू नका. तीही झाळायची आणि आतल्या तारांना न शिवता गुंडाळायची. वरून गोंदवाली श्रिंक नळी.

तुटलंय ते नेमकं बुशाच्या आत असेल तर प्लास्टिक बुशाभोवती २ सेंटिमीटर एवढंच ब्लेडने कोरा. परत भरताना सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, त्यातलं अॅसिड तांबं खातं. वर्षभरात हिरवं पडतं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्या.

केबल पाच-सात सेंटिमीटर आखूड झाल्याने काही बिघडत नाही. दांडीवर गुंडाळताना पहिला वेढा कॉइल वाकेल इतका सैल ठेवा, पुढचे घट्ट. सैल लोंबणारी केबल कॉइलवर आपटली तरी बीप देते.

मिरची_नंदुरबार:
आमच्याकडे मिरची आणि डाळीच्या पट्ट्यावर बोगद्यासारखा डिटेक्टर असतो, त्याची कॉइलही अशीच दुरुस्त होते का? उगाचच ट्रिप होतो.

पल्सवेडा_जळगाव:
त्याला हात लावू नका. मध्ये पाठवणारी, दोन्ही अंगांना घेणाऱ्या, तिन्ही एका पेटीत ओतलेल्या असतात. उगाच ट्रिपचं कारण बहुधा पेटीबाहेर सापडतं: कन्व्हेयरच्या सांगाड्याचा ढिला बोल्ट. दोन लोखंडी भाग कधी टेकतात, कधी सुटतात, त्यातून बंद वळसा तयार होतो आणि तुटतो. जवळचे बोल्ट घट्ट करा किंवा एका बाजूला पूर्ण इन्सुलेट करा, अर्धवट नको. पट्ट्याच्या सांध्यात धातूची क्लिप नाही ना, तेही बघा.

तापीकाठ:
केबल सांधली, चालू झालं. आता दुसरा प्रश्न: केसिंग खोल आहे. काळ्या जमिनीत व्हीएलएफ फार आत जात नाही म्हणतात. पल्स इंडक्शनची (सलग लहरीऐवजी झटके सोडून मधे ऐकणाऱ्या डिटेक्टरची) किट आणली तर कॉइल घरी बांधता येते का?

पल्सवेडा_जळगाव:
येते, आणि तीच बांधावी. पल्सच्या डबीला एकच गुंडाळी लागते, जुळवाजुळव नाही. बहुतेक किटांना ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास इंडक्टन्स आणि १ ते २ ओहम रेझिस्टन्स लागतो.

वायर एनॅमलची आणू नका. सबमर्सिबल मोटरला भरतात ती पॉली वायर आणा, ०.६ मिमी तांब्याची, बाहेरून साधारण १ मिमी भरते. कोणत्याही मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. २६ सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलला टोकं धरून २० मीटर पुरते, ६० ग्रॅमच्या आसपास. तिचं जाड प्लास्टिक इथे कामाचं आहे: वेढ्यांमधलं अंतर वाढतं, कपॅसिटन्स कमी होतो, पल्स बंद झाल्यावर कॉइल लवकर शांत होते. जितकी लवकर शांत, तितकं लवकर ऐकता येतं, आणि बारीक वस्तूंचा सिग्नल त्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांतच असतो.

वेढे, ३०० मायक्रोहेन्रीसाठी, याच वायरने: २० सेमी व्यासाला २५-२६, २६ सेमीला २१-२२, ४० सेमीला १६. केसिंगसाठी ४० सेमी, पात्यांसाठी २६ किंवा २०. मोठी कॉइल खोल जाते पण बोल्ट हरवते.

वाइंडर_धुळे:
पाठ करू नका हे आकडे. हीच २६ सेंटिमीटरची कॉइल २५ गेज एनॅमल वायरने (०.५ मिमी) घट्ट बांधली तर २० वेढ्यांतच ३०० भरतं. कारण जुडी बारीक झाली. वेढे एकमेकांना जितके चिकटून, तितकं प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र दुसऱ्यात जास्त जातं. जुडी जाड झाली की इंडक्टन्स पडतो. म्हणून वेढे मोजून नाही, मीटरने मोजून थांबा. एक वेढा जास्त घ्या, बांधा, एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स मोजणाऱ्या) बघा, मग कमी करा. २८० ते ३२० मध्ये काहीही चालतं, पुढे डॅम्पिंगने (कॉइलचं घुमणं थांबवणाऱ्या रेझिस्टरने) सावरता येतं.

आणि कोणी हट्टाने एनॅमल वापरलीच तर: मोटरच्या वायरचं दुहेरी एनॅमल सोल्डरिंग आयर्नने जळत नाही. वरून कथील चढल्यासारखं दिसतं, आत जोड नसतोच. ब्लेडने किंवा ४०० नंबर पॉलिश पेपरने चहूबाजूंनी खरवडून, लख्ख तांबं दिसल्यावर झाळा.

बांधायची रीत. १२ मिमी प्लायवर कंपासने वर्तुळ, त्यावर १६ खिळे, प्रत्येकावर मोटरची स्लीव्ह चढवा म्हणजे वायर सोलणार नाही. चार खिळे किंचित आत वाकवता येतील असे ठेवा, नाहीतर घट्ट जुडी निघत नाही. वेढे पूर्ण झाले की खिळ्यांच्या मधे मधे बाइंडिंग दोऱ्याने गाठी, दर २ सेंटिमीटरला एक. मग खिळे वाकवून जुडी काढा आणि वरून कॉटन टेप अर्धी-अर्धी चढवत पूर्ण.

टेप सोडू नका. पॉली वायरच्या प्लास्टिकला वार्निश धरत नाही, इपॉक्सीही धरत नाही. रेझिन पकडतं ते टेपला, आणि टेप पकडते वायरला. टेपशिवाय नुसतं रेझिन ओतलं तर जुडी आत खुळखुळते आणि टिचकीला बीप येते.

केळीपट्टा_रावेर:
ठिबकची १६ मिमीची लॅटरल उभी चिरून त्यात जुडी घातली तर? ८२ सेंटिमीटर तुकडा, गोल आपोआप होतो, फुकटात कवच.

वाइंडर_धुळे:
दिसायला झकास. पण लॅटरल पॉलिथिनची, तिलाही इपॉक्सी चिकटत नाही. मेच्या उन्हात नळी वाढते, रेझिन तेवढं वाढत नाही, दोन्ही वेगळे होतात. जुडी जागेवर बसवण्यापुरता साचा म्हणून वापरा, रेझिन घट्ट झाल्यावर सोलून फेका. चिकटत नाही हाच मग फायदा. वरून फायबरग्लासच्या कापडाचे दोन थर.

तापीकाठ:
शिल्डिंग लागतंच का? आणि रेझिन कोणतं?

पल्सवेडा_जळगाव:
शिल्डिंग, म्हणजे जुडीवरचं वीजवाहक आवरण, लागतं. ओल्या पिकात पानं कॉइलला घासली की बीप येते, ती न लावलेल्या शिल्डची. पण अॅल्युमिनियम फॉइल पल्सच्या कॉइलवर नको. फॉइलमध्येच एडी करंट (भोवऱ्यासारखा विद्युतप्रवाह) फिरतो आणि डिटेक्टर आधी स्वतःचंच शिल्ड पकडतो. ग्रॅफाइट पूड वार्निशमध्ये दाट कालवून रंग करा. जुडीवर आधी स्पायरल रॅप किंवा जाड टेपचा २ मिमी थर, त्यावर रंग. थर न देता रंग थेट जुडीवर गेला तर वाचवलेला कपॅसिटन्स सगळा परत आला.

एका जागी १ सेंटिमीटर रंग लावायचा नाही. पूर्ण गोल झाला तर तो एक शॉर्ट झालेला वेढा आहे, कॉइल मेली म्हणून समजा. रंगावर एक उघडी बारीक तार गोल फिरवा, त्याच फटीजवळ थांबवा, एक टोक केबलच्या जाळीला. सुकल्यावर फटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, म्हणजे लांबच्या वाटेने, तार लावण्याआधी मोजा. काही शे ते दोन-तीन हजार ओहम ठीक. लाखात गेला तर ग्रॅफाइट कमी पडलं. चाचणी सोपी: रंगवलेल्या पुठ्ठ्याचा तुकडा चालू कॉइलजवळ न्या, बीप येता कामा नये.

रेझिन इपॉक्सी. घरगुती आराल्डाइट छोट्या जागेला, मोठ्या भरावाला लॅमिनेशनचं, डब्यावरचं प्रमाण वजनकाट्यावर मोजून. एका वेळी ५ मिमीपेक्षा जास्त थर ओतू नका. जाड थर स्वतःच्याच गरमीने पेटल्यासारखा तापतो, जळगावच्या मेमध्ये डबा हातात धरवत नाही आणि थंड होताना तडकतो. वजन कमी करायला मध्ये थर्माकोल भरणार असाल तर पॉलिएस्टर रेझिन अजिबात नको, त्यातला स्टायरीन थर्माकोल विरघळवतो. स्टीलची पूड असलेली पुट्टी तर सांगायलाच नको. आणि ग्लूगन कुठेही नको. तो गोंद ६०-७० अंशांना मऊ पडतो, बंद गाडीत उन्हात ठेवलेली काळी कॉइल तिथवर पोचते.

वाइंडर_धुळे:
ओतण्याआधी जुडी आणि साचा कोरडा करा. पेटीत १०० वॉटचा बल्ब, पाच-सहा तास. आत अडकलेला ओलावा नंतर निघत नाही.

तापीकाठ:
डॅम्पिंगचं सांगा. ऑसिलोस्कोप नाही.

पल्सवेडा_जळगाव:
कॉइलला समांतर जो रेझिस्टर असतो तो. त्याची किंमत कॉइल आणि कपॅसिटन्सवर ठरते: इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ, त्याच्या निम्मं. ३०० मायक्रोहेन्री आणि कॉइल, केबल, मॉसफेट (पल्स चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) मिळून २०० पिकोफॅरड धरले तर ६१२ ओहम. ५०० पिकोफॅरड झाले तर ३८७. म्हणून केबल महत्त्वाची. आरजी-५८ मीटरला १०० पिकोफॅरड खाते, टीव्हीची आरजी-६ साधारण निम्मं, पण ती कडक असते, दांडीवर नीट वळत नाही. लांबी १.२ मीटरच्या आत ठेवा.

स्कोप नसेल तर: जुना रेझिस्टर काढा, जागेवर ३३० ओहम आणि सिरीजमध्ये १ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). प्रीसेट शून्यावरून सुरू करा. एक रुपयाचं नाणं सरळ कॉइलच्या मध्यरेषेवर धरून किती सेंटिमीटरवर ऐकू येतं ते लिहा. प्रीसेट थोडा वाढवा, पुन्हा मोजा. अंतर वाढत जाईल, मग एका जागी आवाज थरथरायला लागेल: तिथून कॉइल घुमते आहे. दहा टक्के मागे या, वीज बंद करा, प्रीसेट काढून एकूण ओहम मोजा, त्या किमतीचा २ वॉट मेटल फिल्म कायमचा लावा. वायरवाउंड नको, तो स्वतःच एक छोटी कॉइल. प्रीसेटवर जास्त वेळ चालवू नका, आणि डबी चालू असताना टोकांना बोट नाही: पल्स तुटताना तीनेकशे व्होल्ट सहज उठतात, मॉसफेट आयआरएफ ७४० असेल तर ४०० च्या आसपास जाऊन थांबतात.

हे सगळं शिल्ड आणि रेझिन झाल्यावर, शेवटच्या केबलसह करायचं. आधी केलं तर पुन्हा करावं लागेल.

केळीपट्टा_रावेर:
एक भर. पल्सला जमीन दिसतच नाही असं समजू नका. काळ्या मातीतलं थोडं चुंबकत्व पल्सनंतरही हळूहळू विझतं, त्याचा सिग्नल येतो. कॉइल वर-खाली करताना आवाज बदलत असेल तर डिले (पल्स बंद झाल्यापासून ऐकायला लागेपर्यंतचा वेळ) थोडा वाढवा किंवा कॉइल जमिनीपासून ५ सेंटिमीटर वर धरून एकाच उंचीवर चालवा. आणि ठिबकचा पीव्हीसी सबमेन पाइप कोणत्याच कॉइलला दिसणार नाही, दिसला तर त्याचा लोखंडी किंवा पितळी व्हॉल्व्ह.

संपादक:
धागा केसिंग आणि पात्यांपुरता आहे, तसाच राहू द्या. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ नुसार जमिनीत दडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. प्रकाशे, बहाळ यांसारख्या उत्खनन झालेल्या पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) आणि संरक्षित जागेत डिटेक्टर नेण्याबद्दल इथे सल्ला मागू नये, दिला जाणार नाही.

मिरची_नंदुरबार:
कॉइलचे कान (दांडी बोल्टने जोडतात ते) वारंवार तुटतात, त्यावर काय?

वाइंडर_धुळे:
बोल्ट नायलॉनचाच, स्टीलचा नको. कान तुटतो तो जास्त आवळल्याने, आणि जास्त आवळला जातो कारण रबरी वॉशर गुळगुळीत झालेले असतात. वॉशर बदला, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापून चालतात, कानाच्या दोन्ही अंगांना एकेक. बोल्ट हाताने जेवढा बसेल तेवढाच, पक्कड नाही. तुटलेला कान परत लावताना दोन्ही कडा ८० नंबर पॉलिश पेपरने खरवडा, इपॉक्सी लावा, मग कानाच्या बाहेरून फायबरग्लासची पट्टी कॉइलच्या पाठीवर ५ सेंटिमीटर उतरवा. २४ तास उलटल्याशिवाय दांडी जोडू नका.

तापीकाठ:
४० सेंटिमीटरची १६ वेढ्यांवर २९२ मायक्रोहेन्री भरली, १.३ ओहम. टेप चढवतोय. ग्रॅफाइट पूड कुठे मिळेल?

पल्सवेडा_जळगाव:
हार्डवेअरवाल्याकडे कुलपात घालायची म्हणून मागा. बारीक दळलेली घ्या, आणि रंगवताना पंखा बंद.